पडायचं कसं ते लिही

४ फेब्रुवारी

ती. मावशी,

सुखरूप पोचले. वाटेत खायला दिलेलं सगळं संपवलं, डबा पुढच्या खेपेला आणीन.

निघताना तुझ्याशी भांडले ते मनातून जात नाहीये. पायांचे व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या कवायतबाई वॉकर घेऊन पलंगापाशी उभ्या, मामा दारात उभा, मी तुझ्या उशाशी उभी, आणि तू चादर गळ्यापर्यंत ओढून म्हणालीस, तुम्ही सगळे उभे आहात ना, तेवढं पुरे. मला हसूही आलं आणि संतापही आला. खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. डॉक्टर म्हणतात हाड छान बसलंय, आता उभं राहायलाच हवं, नाहीतर पाय कायमचे रुसतील. आणि तू म्हणतेस, बघू.

मामाने मला बाहेर बोलावून सांगितलं, की एप्रिलअखेरपर्यंत तू पायावर उभी नसशील तर तो तुझं शिवणाचं दुकान सोडून देणार, शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकणार आणि तुला आपल्या घरी नेणार. तो वाईट नाही गं, घाबरलाय. पण दुकानाशिवाय तू कशी दिसशील हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

तू माझ्यावर ओरडलीस ते मात्र बरोबर होतं. "उभी राहा म्हणणं सोपं आहे, चिंधे. जिथे पाय ठरत नाही अशा कशावर तरी तू उभी राहून दाखव, मग मला शिकव."

तर ऐक. आमच्या दातांच्या लॅबच्या खिडकीखाली समुद्र आहे, हे तुला माहीत आहे. मी दिवसभर बसून कवळ्या घासते आणि खाली माणसं लांबलचक बोर्डावर उभी राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येतात. तिथे शिकवतात. आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन नाव घालून आले. पोहता येतं का विचारलं, तर म्हटलं तलावात येतं. मला पाण्याची किती भीती वाटते ते विचारलं नाही, म्हणून सांगितलंही नाही.

अट एकच. मी बोर्डावर उभी राहायची, तू जमिनीवर. फोन करायचा नाही, फोनवर तू ओरडतेस आणि मी रडते आणि कामाचं राहूनच जातं. पत्रं लिहू. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू टाकतील तुझी.

तुझी,
चिंधी

१३ फेब्रुवारी

चिंधे,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या अकलेसाठी.

चाळिशी उलटली, चष्मा लागला, आणि ही बाई आता समुद्रात फळीवर चढणार. लहानपणी डोक्यावर पाणी ओतलं की बोंब ठोकायचीस, सगळी गल्ली गोळा व्हायची. लोकांना वाटायचं मी तुला मारते. पत्र वाचून दाखवल्यावर इस्त्रीवाली इतकी हसली की तिने कुणाच्या तरी शर्टाची कॉलर जाळली. ते पाप तुझ्या माथी.

तुझा मामा रोज येतो. खुर्चीत बसतो, पुढच्या खोलीतल्या दुकानाकडे असा बघतो की जसं काही तेच आजारी आहे. कवायतबाई पण रोज येतात. बाई गोड आहे, पण "चला, उभ्या राहू या" असं म्हणते. दोघींनी मिळून उभं राहायचं असल्यासारखं. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते. तिथपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्याच्यापुढे मी जात नाही.

पडून पडून काय आठवेल सांगता येत नाही. तुझी आई कामावर जाताना तुला माझ्याकडे टाकून जायची आणि मी तुला कापडाच्या तुकड्यांच्या टोपलीत झोपवायची. चिंधी हे नाव त्यावरूनच पडलं. तर त्याच टोपलीतून एक दिवस तू बाहेर पडलीस आणि कापायच्या टेबलाचा पाय धरून उभी राहिलीस. जन्मात पहिल्यांदा. मी तेव्हा कोटाचं कापड कापत होते. तुला ठाऊक आहे आमच्या दुकानाचा नियम, कापायचं ते उभ्याने, आणि एकदा कात्री चालवली की टोकापर्यंत थांबवायची नाही. हाताखालच्या प्रत्येकीला मी हे टोचून टोचून शिकवलं. त्या दिवशी मीच थांबवली. कापड बिघडलं, गिऱ्हाईक वाट्टेल ते बोललं. मी म्हटलं, बोला.

तुझी अट कबूल. मला काही होत नाही म्हणून नाही, तू बुडू नयेस म्हणून. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना तुझ्यावर.

मावशी

२ मार्च

ती. मावशी,

माझी मास्तरीण माझ्याहून बरीच लहान आहे, पण आवाज तुझ्यासारखा. ती वाळूवर बोटाने बोर्डाचा आकार काढते. त्यात पालथं झोपायचं, छातीशी हात टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, नजर समोर. वाळूवर मला हे झकास जमतं. वाळू हलत नाही.

पाण्यात माझी जी काय शोभा होते ती तुला बघायला हवी होती. कंबरभर पाण्यात बोर्डावर पालथी पडते, मास्तरीण मागून फुटलेल्या लाटेचा फेस येताना बघते आणि बोर्डाला ढकलते. मग एकदम वेग येतो आणि माझे हात बोर्डाच्या कडा असे धरतात की सोडवायला पोलीस बोलवावे लागतील. नाकात पाणी, कानात वाळू. लॅबमधले सगळे खिडकीत उभे राहून बघतात. आमचे साहेब म्हणाले, दातांचं काम घरचंच आहे, पडलीस तरी काळजी नको.

आता बातमी. रविवारी उभी राहिले. अगदी थोडा वेळ, पण राहिले. आता तुझी पाळी.

एक काम आहे. बोर्ड घासून पोटाची साल निघाली. मास्तरीण म्हणते पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घालायचा, पाण्यात फुगता कामा नये. दुकानातले मिळतात ते मला एक तर काखेत काचतात नाहीतर पोटावर चढतात. ताणाचं कापड सोबत पाठवतेय. पलंगावर बसल्या बसल्या कुणाकडून करवून घे, घाई नाही. आणि पाण्यात घालायची लांब पँट पण पाठवतेय, फाटलीये. मी रफू केलं तर तू महिनाभर हसशील.

कवायतबाईंना माझा नमस्कार सांग. आणि उभी राहा गं.

चिंधी

१४ मार्च

चिंधे,

शाब्बास. तू उभी राहिलीस हे वाचलं आणि इस्त्रीवालीला हाक मारून पुन्हा वाचून दाखवलं. तुझा मामा पण होता. तो म्हणाला, बघ, पोरगी समुद्रात उभी राहते आणि तू घरात नाही. तेव्हा मला राग आला, आणि रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते करतं.

तर मी पण उभी राहिले. सोमवारी. वॉकर धरून दुकानात गेले, टेबलाशी उभी राहिले आणि तुझा टीशर्ट स्वतः कापला. म्हणे कुणाकडून तरी करवून घे. माझ्या हातात अजून कात्री आहे. ताणाच्या कापडाला वेगळी सुई लागते, ती डब्यात होतीच. बाह्यांना काखेत जोड घेतलाय, हात वर नेलास तरी पोटावर चढणार नाही. घालून बघ आणि लिही.

पँटही केली. गुडघ्यांना दुहेरी कापड लावलंय. लागेल तुला.

तुझ्या मामाला मी उभी राहिल्याचं सांगितलेलं नाही. एकदम दाखवीन म्हणते. तूही बोलू नकोस.

मावशी

२५ मार्च

ती. मावशी,

टीशर्ट असा बसलाय की मास्तरीण विचारत होती कुठून आणला. मी तिला ऐटीत सांगितलं, आमच्या घरचा आहे. मी लॅबच्या बाथरूममध्ये तो घालून आरशापुढे उभी राहिले आणि मला भरून आलं. शाळेचा पहिला गणवेश तू माझ्या अंगावर असाच बेतला होतास, तोंडात टाचण्या धरून. इतकी वर्षं मी अंगावर जे जे घातलं त्यातलं निम्मं तुझ्या हातचं आहे आणि मी कधी धड आभार मानले नाहीत. आज मानते. हसू नकोस.

मग धुवायला म्हणून तो उलटा केला.

बाजूच्या शिवणीत आत सोडलेली कापडाची माया आहे ना, तिची कड मी बोटाने चाचपली. सवयच आहे, तूच लावलीस. कड तीन जागी तुटलीये. पायरीसारखी. म्हणजे कात्री तीनदा थांबलीये, हात पोचत नाही म्हणून कापड सरकवून पुन्हा सुरू केलीये. मावशी, आपल्या दुकानात असं फक्त नवख्या मुलींचं व्हायचं, बसून कापत असतील तर. आणि तू त्यांना सगळं कापड परत कापायला लावायचीस.

तू बसून कापलंस. पलंगावर फळी टाकून, हो ना?

मी रागावले नाही. रागवायला मला तोंडच नाही. मी पण उभी राहिले नव्हते. गुडघ्यांवर आले होते. दर वेळी तेच होतं. झटक्यात उभं राहायच्या ऐवजी मी आधी गुडघे टेकते, म्हटलं तेवढा आधार, मग उठू. आणि मग उठतच नाही, गुडघ्यांवर बसल्या बसल्या किनाऱ्याला लागते. मास्तरीण म्हणते, गुडघे टेकलेस की तू तिथेच संसार थाटतेस. तुला उभं करायचं म्हणून मी तुला खोटं लिहिलं. आणि माझ्या खोट्यामुळे मामाने तुला टोमणा मारला, याची मला फार लाज वाटते.

एप्रिल तोंडावर आलाय. माझा जीव टांगणीला लागलाय. पण मामासाठी उभी राहू नकोस, माझ्यासाठीही नको. का नाही राहावत तेवढं मात्र मला खरं खरं लिही.

चिंधी

२ एप्रिल

चिंधे,

तू मोठी शहाणी. अगं, तुझी पँट पार्सलातून काढली तेव्हाच मला कळलं होतं. दोन्ही गुडघे झिजून चाळण झालेली, आणि बाकी पँट नवी कोरी. उभ्या माणसाची पँट गुडघ्याला फाटते का कधी? आयुष्यभर लोकांचे कपडे बघून त्यांनी दिवसभर काय केलं ते ओळखत आले, आणि तू मला फसवणार. म्हणून तर दुहेरी कापड लावलं. म्हटलं पोरगी गुडघ्यांवर आहे, निदान गुडघे तरी सांभाळू.

आणि तुला गप्प बसून शाबासकी दिली, कारण तू उभी नाहीस म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं विचारलंस ना.

फळी पलंगावरच टाकली होती. इस्त्रीवालीने आणून ठेवली. तिला बोलू नकोस, बिचारी नको नको म्हणत होती.

आता तुझ्या प्रश्नाचं. पाय दुखतो म्हणून नाही. दुखणं मला नवीन नाही. त्या दिवशी वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढले आणि खाली आले. दुपार होती, इस्त्रीवाली जेवायला घरी गेलेली. मी टेबलाखाली पडून होते. हाका मारल्या, आवाज बाहेर जाईना. टेबलाची खालची बाजू मी इतक्या वर्षांत कधी बघितली नव्हती, ती बघत पडले होते. दारावरून माणसांचे पाय जात होते, एक पाय आत वळेल तर शपथ. तुझी आई वारली तेव्हा मी जेवढी रडले नाही तेवढी तिथे रडले. आणि मला तेव्हा वाटलं की आता हे असंच, आता आपल्याला कुणी उचलेल तेव्हाच आपण उठणार.

म्हणून चिंधे, सगळे मला उभं कसं राहायचं ते सांगतात. कवायतबाई सांगतात, डॉक्टर सांगतात, तुझा मामा तर जन्मजात सांगतो. उभं राहणं मला येतं. साठ वर्षं तेच केलंय.

तू रोज पडतेस ना? तर पडायचं कसं ते लिही. आणि पडल्यावर मग काय करायचं ते लिही.

मावशी

९ एप्रिल

ती. मावशी,

तुझं पत्र घेऊन मी मास्तरणीकडे गेले. वाचून दाखवलं. ती म्हणाली, आज आपण उभं राहायला जायचंच नाही, पडायला जाऊ.

आणि मला ती मुद्दाम पाडत बसली. पूर्ण तास.

तर लिहून घे. पडणार हे कळलं की अंग ताठ करायचं नाही, सैल सोडायचं. हात पुढे टाकून सावरायला जायचं नाही, मनगट जातं. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, कुशीवर नाहीतर पाठीवर आडवं व्हायचं. पाण्याखाली गेलं की दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, कारण बोर्ड वरून येऊ शकतो. आणि मग घाई करायची नाही. हे सगळ्यात अवघड. मी खाली गेले की ताबडतोब हातपाय झाडायची आणि जास्तच पाणी प्यायची. ती म्हणाली, थांब, लाट जाऊ दे, अंगाला काही लागलंय का ते बघ, मग पाय शोध. मी थांबले. आणि पाय खाली टेकवले तर मावशी, पाणी माझ्या कमरेएवढंच होतं. इतके दिवस मी कमरेएवढ्या पाण्यात बुडत होते.

बोर्ड कुठे जात नाही, पायाला दोरी असते. तुझ्या पायाला दोरी नाही, म्हणून मी सोबत शिट्टी पाठवतेय. मास्तरणीची आहे, तिने स्वतःच्या गळ्यातून काढून दिली. वाऱ्यातसुद्धा किनाऱ्याच्या टोकाच्या दगडांपर्यंत ऐकू जाते. गळ्यात मोजपट्टी असते तुझ्या, तिथेच अडकव.

आणि कवायतबाईंना विचार, उभं राहायचं नंतर बघू, आधी जमिनीवरून उठायचं कसं ते शिकवा. डॉक्टरांना विचारून, जमिनीवर गादी घालून. मास्तरीण म्हणते त्यांना नक्की येत असणार, कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नसतील.

आता शेवटचं. त्या पडण्याच्या तासानंतर मी आणखी एकदा म्हणून बोर्डावर झोपले. फेस आला, तिने ढकललं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की पडले तर पडले, पाणी कमरेएवढंच आहे. गुडघे टेकवायचं लक्षातच राहिलं नाही. पाय खाली आले होते. मी लॅबच्या खिडकीकडे बघत होते आणि खिडकी जवळ येत होती. किनारा लागेपर्यंत उभी होते. खरंच. तू दुरुस्त केलेली पँट त्या दिवशी पहिल्यांदाच घातली होती, सोबत पाठवतेय, गुडघे बघ.

मला हे तुझ्या प्रश्नामुळे जमलं. तुझे उपकार मी कुठे फेडू.

चिंधी

२८ एप्रिल

चिंधे,

पँट बघितली. दुहेरी कापड जसंच्या तसं आहे. यावेळची शाबासकी खरी.

तुझं पत्र कवायतबाईंना दिलं. बाई म्हणाल्या, अहो, मी कधीची वाट बघतेय तुम्ही पडण्याबद्दल कधी बोलाल याची. डॉक्टरांचा होकार आणला, माझी गादी जमिनीवर घातली आणि पलंगावरून मला हळूच खाली घेतलं. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, चांगल्या पायाच्या गुडघ्यावर, मग खुर्ची धरून वर. तुझी मास्तरीण ओरडेल, पण माझ्या खुब्याला गुडघा टेकायची परवानगी आहे. पहिल्या दिवशी अर्ध्यावर अडकले. बाई शेजारीच होत्या, तरी शिट्टी फुंकली. इस्त्रीवाली, दूधवाला आणि समोरचा पंक्चरवाला असे तिघे धावत आले. इतका आनंद झाला मला. मग दुसऱ्या दिवशी उगाच एकदा फुंकून बघितली, तर परत तिघे आले. आता त्यांनी बजावलंय, की खेळ करू नका.

मग एक दिवस मी कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठले. उठले म्हणजे उभीच राहिले की. वेगळं उभं राहावं लागलंच नाही.

काल तुझा मामा आला, त्याला यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. रिकामी खोकी घेऊन आला होता, सामान भरायला. मी दुकानात टेबलाशी उभी होते, मागे वॉकर, गळ्यात मोजपट्टी आणि शिट्टी. तो दारातच थांबला. मी म्हटलं, आलास ते बरं झालं, कापडाचं ते टोक धर. टॉवेलचं कापड आहे, तुला समुद्रातून बाहेर आल्यावर अंगावर घ्यायला पायघोळ झगा. एवढी लांब पट्टी एकटीने सरळ राहत नाही. त्याने खोकी खाली ठेवली आणि टोक धरलं. मी कात्री चालवली.

पार्सलात आहे. आता कड बघ. मी सगळीकडे दुमडून शिवलीये, फक्त एका बाजूची हातभर जागा उघडी ठेवलीये. तिथे बोट फिरव. कात्री एकदा थांबलीये. लगेच पत्र लिहायला बसू नकोस, मी बसले नव्हते. तुझा मामा कापड धरल्या धरल्या रडायला लागला आणि त्याच्या हातातून टोक सुटलं. लहानपणी गुडघा फुटला की रडायचा तसा, आवाज करून. मग मी थांबले.

तू टेबलाचा पाय धरून उभी राहिलीस तेव्हा तो पण होता दुकानात. मला आठवलं नव्हतं, त्याने सांगितलं.

खोकी त्याने इस्त्रीवालीला दिली, तिला कपडे ठेवायला होतील. तू पडायला शिकलीस म्हणून हे सगळं झालं, चिंधे. मी तुला वाढवलं म्हणतात लोक. आता हिशेब बरोबरीत आला, आणि मला तुझं फार फार कौतुक आहे.

उघडी ठेवलेली कड तू स्वतः दुमडून घे. सुई आणि त्याच रंगाचा दोरा खिशात घातलाय. टाके बारीक घाल.

मावशी